कोणती प्रत पाहिली, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नुकत्याच पाहिलेल्या भयपटांवर आणि कल्ट चित्रपटांवर वाचकांनी लिहिलेली मतं आपल्या पुरवणीत सध्या छापून येत आहेत. उपक्रम चांगला आहे, मतंही मनापासून लिहिलेली असतात. तक्रार एवढीच की एकाच चित्रपटाला एक वाचक डोक्यावर घेतो, दुसरा टाकाऊ ठरवतो आणि पुढच्या आठवड्यात दोघांची जुंपते. भयपटांच्या बाबतीत अशा भांडणांचं कारण बऱ्याचदा आवडीनिवडीत नसतंच. दोघांनी एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात.

'द विकर मॅन' घ्या. रॉबिन हार्डी यांचा, १९७३चा. तो चित्रगृहात लागला तेव्हा ८८ मिनिटांचा होता आणि 'डोन्ट लुक नाऊ'च्या जोडीला, एका तिकिटात दोन चित्रपट अशा खेळात दाखवला गेला. त्याची सुमारे १०० मिनिटांची लांब प्रत टिकली ती केवळ एक रीळसंच अमेरिकेत निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे गेला होता म्हणून. पुढे २०१३ मध्ये सुमारे ९४ मिनिटांची तिसरी प्रत आली. आता ८८ मिनिटांच्या प्रतीत काय होतं पाहा. पोलीस सार्जंट हाउई बेटावर दोन रात्री काढतो, त्याची एकच रात्र उरते. बेटावर येण्याआधीचा, त्याचा सोवळेपणा दाखवणारा भाग जवळजवळ उडतो. ख्रिस्टोफर ली यांचा बेटाचा धनी लॉर्ड समरआइल पडद्यावर यायलाच बराच उशीर होतो. त्यामुळे हा माणूस नुसता तुसडा पोलीस वाटतो आणि शेवट अंगावर येण्याऐवजी अचानक येतो. 'चित्रपट घाईत उरकलाय' असं ज्यांना वाटलं त्यांचं चुकलं नाही. त्यांनी उरकलेली प्रतच पाहिली.

आंजेय झुवाव्स्की यांच्या 'पझेशन'ची (१९८१) गत याहून वाईट. मूळ चित्रपट १२४ मिनिटांचा, त्यातल्या कामासाठी इझाबेल अजानी यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेत वितरकाने तो कापून ८१ मिनिटांवर आणला. एक तृतीयांश चित्रपट गेला! मोडत चाललेल्या संसाराची गोष्ट गेली आणि राक्षस तेवढा उरला. त्या प्रतीवरून 'अजानी आरडाओरडा करतात' असं लिहिणाऱ्याला काय म्हणायचं?

लांब प्रत म्हणजे खरी प्रत, असा मात्र समज करून घेऊ नये. 'एलियन'ची २००३ची दिग्दर्शकीय आवृत्ती मूळ चित्रपटापेक्षा मिनिटभर लहानच आहे. 'द शायनिंग' अमेरिकेत १४४ मिनिटांचा होता. बाहेरच्या देशांसाठी कुब्रिक यांनी स्वतः कात्री लावून तो ११९ वर आणला, म्हणजे दोन्ही प्रती दिग्दर्शकाच्याच. 'डॉन ऑफ द डेड'च्या (१९७८) तर तीन आहेत. दिग्दर्शक रोमेरो यांची १२७ मिनिटांची, त्याहून लांब १३९ची, आणि युरोपसाठी दारिओ आर्जेंतो यांनी जुळवलेली ११९ची. आर्जेंतोंच्या प्रतीत विनोद कमी, वेग जास्त आणि गॉब्लिन या रॉक बँडचं संगीत भरपूर. रोमेरोंच्या प्रतीत त्यातल्या अनेक जागी तयार संग्रहातलं साधं, मुद्दाम बाष्कळ वाटणारं संगीत आहे. मॉलमध्ये सरकत्या जिन्यांवर चालती प्रेतं धडपडत असतात तेव्हा ते बाष्कळ संगीतच चित्रपटाचं म्हणणं सांगतं. हा चित्रपट 'उपहास' आहे की 'मारधाड', हा वाद त्यामुळे निरर्थक आहे. तुमच्या हाती कोणती प्रत आली त्यावर ते ठरतं.

मग प्रत ओळखायची कशी? पहिली खूण म्हणजे लांबी, पण तिथेही एक फसगत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो. जुन्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत तोच २५ वर चालवला जायचा, म्हणजे सुमारे चार टक्के जास्त वेगाने. १२७ मिनिटांचा चित्रपट तिथे १२२ मिनिटांत संपतो आणि एक चौकटही कापलेली नसते. तेव्हा जुन्या पाल डीव्हीडीवरच्या लांबीला आधी २५ने गुणून २४ने भागावं, मग कापाकापीचा संशय घ्यावा. ८४ मिनिटांचा 'विकर मॅन' म्हणजे तीच ८८ची प्रत, आणि ९६चा म्हणजे १००ची. या वेगाने आवाजही किंचित पातळ होतो, अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी चढतो. खर्जातला धीरगंभीर आवाज ज्याची जान आहे अशा चित्रपटात ते कानाला कळतं.

दुसरी खूण म्हणजे ठरावीक प्रसंग आहे की नाही. 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये मुलगी मागे वाकून, कोळ्यासारखी जिना उतरत आली, तर ती २०००ची १३२ मिनिटांची आवृत्ती. १९७३च्या १२२ मिनिटांच्या प्रतीत ते दृश्य नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये पात्रं आणि प्रसंग मूळ गोष्टीला ठिगळासारखे चिकटलेले वाटले आणि संगीत नव्या धाटणीचं ऐकू आलं, तर १९९९ मध्ये नवं चित्रण घुसडून काढलेली प्रत हाती लागली आहे असं समजावं. ती बंद करावी.

या 'लिव्हिंग डेड'चं दुखणं निराळंच आहे आणि ते सांगण्यासारखं आहे. १९६८ मध्ये प्रदर्शनाच्या आधी वितरकाने चित्रपटाचं नाव बदललं. जुन्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ होती, नव्या पाटीवर ती घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. चित्रपट सगळ्यांचा झाला, आणि ज्याच्या हाती जे रीळ लागलं त्याने त्याची नक्कल, नकलेची नक्कल विकली. दर नकलेत काळा आणखी काळा होत गेला, पांढरा आणखी जळत गेला. तळघरातले प्रसंग तर काळ्या डबक्यासारखे दिसायला लागले. फुकट मिळणाऱ्या प्रती बहुतेक याच वंशावळीतल्या आहेत. मूळ निगेटिव्हवरून २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने ४के पुनर्निर्मिती केली, ती पाहिली की कळतं: हा चित्रपट कधी मळकट नव्हताच. छायाचित्रण लख्ख, बातमीपटासारखं आहे, आणि त्यातली भीती त्या बातमीपटासारखं दिसण्यातच आहे.

'नोस्फेराटू'चं (१९२२) प्रकरण त्याच्याही वरचं. गोष्ट परवानगीविना उचलली म्हणून 'ड्रॅक्युला' कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या विधवा पत्नीने खटला भरला, १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, आणि आज आपण पाहतो ते त्यातून निसटलेलं. पण वाचकांच्या मतांत वारंवार येणारा आक्षेप असा: 'हा पिशाच्च सूर्यप्रकाशाने मरतो म्हणतात, मग भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावभर कसा फिरतो?' तो उन्हात फिरतच नाही. त्या काळच्या फिल्मवर रात्री चित्रण करणं कठीण, म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा घेत आणि प्रतीला निळा रंग देत. निळा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. नकलांमध्ये रंग गेले आणि रात्रीचा दिवस झाला. त्यात वेगाची गडबड. मूकपटाची चौकट सेकंदाला अठराच्या आसपास चालायची. ती २४ने पळवली की ९० मिनिटांचा चित्रपट साडेसदुसष्ट मिनिटांत आटपतो आणि काउंट ऑरलॉक चार्ली चॅप्लिनसारखा तुरुतुरु चालतो. हसू येणारच. दिग्दर्शक मुर्नाव यांना दोष देण्याआधी प्रत रंगीत छटांची आहे का आणि दीड तासाच्या आसपासची आहे का, एवढं पाहावं.

आता घरच्या टीव्हीकडे वळतो, कारण चांगली प्रत मिळवूनही ती तिथे वाया जाते. आणि भयपटांइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या प्रकाराचं होत नाही, कारण भयपट अंधारात आणि शांततेत घडतो, आणि नवा टीव्ही दुकानातून निघतो तेव्हा अंधार आणि शांतता या दोन्ही गोष्टी मारायला सज्ज असतो.

पहिल्यांदा बंद करायची ती हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनीचं तिला नाव वेगळं, सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द दिसला की तीच. मूळ दोन चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने बनवलेल्या चौकटी घुसडतो. क्रिकेटला ठीक आहे. 'रिंगू'मध्ये (१९९८) विहिरीतून निघालेली सादाको जी चालत येते, ते चित्रण अभिनेत्रीला उलटं, मागे मागे चालायला लावून घेतलंय आणि मग फिल्म उलटी फिरवली आहे. म्हणून पाऊल पुढे पडतं, पण अंगाचा तोल पुढे जाणाऱ्या माणसाचा नसतो. डोळ्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते कळत नाही. टीव्ही नेमके तेच झटके भरून काढतो आणि ओल्या केसांची एक बाई चालत येताना दिसते. 'आजच्या काळात हे भीतीदायक वाटत नाही' या वाक्याचा बराचसा हिशेब इथे लागतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावावा, त्यात हे आपोआप बंद होतं, रंगांचं तापमान चित्रपटांच्या प्रमाणावर येतं आणि चौकटही ताणली जात नाही. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड घेऊन मोशन हाताने शून्य करावं. 'व्हिविड' कधीच नको. 'तुंबाड'मधला (२०१८) पावसाळी करडा उजेड व्हिविडमध्ये हिरवागार होतो आणि सगळी ओल निघून जाते.

त्याच यादीत शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन खाली आणावं. शार्पनेसचा तटस्थ बिंदू काही टीव्हींत शून्यावर, काहींत मधोमध असतो. माणसांच्या कडांना पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत उतरवत जावं. 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४) आणि 'द ईव्हिल डेड' (१९८१) हे दोन्ही १६ मिलिमीटरवर घेतलेले. त्यांच्यात दाणा, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, असणारच. नॉइज रिडक्शन तो दाणा घासून काढतं, त्याबरोबर कातडीचा पोतही जातो आणि माणसं मेणाची होतात. 'चेन सॉ'मध्ये प्रत्यक्ष रक्त फार थोडं दिसतं. घाम, धूळ आणि टेक्ससचं ऊन यांवर तो चित्रपट उभा आहे, आणि मेणाला घाम येत नाही. त्याच चालीवर, '२८ डेज लेटर'ची (२००२) प्रिंट खराब आहे अशी तक्रार करू नये. तो बहुतांश साध्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित केलाय, तसाच दिसायला हवा.

चौकटीचं म्हणाल तर वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या की झूमचं बटण दाबणाऱ्यांनी भयपट पाहूच नयेत, असं माझं जरा कडक मत आहे. कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) २.३५:१ चौकटीत, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद, आहे. तो १६:९ पडदा भरेल असा झूम केला की जवळजवळ पाव चित्र बाहेर जातं. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत तर चाळीस टक्क्यांहून जास्त जायचं. आणि कार्पेंटर आपला खुनी ठेवतात कुठे? कडेला. नायिका मधे, तो कुंपणाआड अर्धा. कड कापली की 'बराच वेळ काही घडतच नाही'. उलट 'द लाइटहाउस' (२०१९) १.१९:१ म्हणजे जवळपास चौरस आहे. तिथे डाव्या-उजव्या काळ्या जागेनेच कोंडमारा होतो, चित्र ताणून रुंद करू नये. 'सिनर्स'मध्ये (२०२५) चौकट मधेच बदलते, कारण तो दोन वेगळ्या रुंद-फिल्म पद्धतींनी घेतला आहे. टीव्ही बिघडलेला नाही.

आता काळ्या रंगाबद्दल, आणि इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठा घोटाळा हाच असतो. 'हॅलोविन'च्या शेवटच्या भागात नायिका लॉरी भिंतीला टेकून उभी असते. तिच्या शेजारी एका खोलीचं उघडं दार, आत मिट्ट काळोख. काही सेकंद काहीच होत नाही. मग त्या काळोखात खुन्याचा पांढरा मुखवटा उमटतो. तो पुढे येत नाही, आवाज करत नाही. धुकं विरळ होताना झाड दिसावं तसा दिसायला लागतो. छायालेखक डीन कंडी यांनी मुखवट्यावर एक लहान दिवा रोखून तो डिमरवर हळूहळू चढवला, एवढीच युक्ती. प्रेक्षकांपैकी कुणाला तो आधी दिसतो, कुणाला नंतर. ज्याला आधी दिसतो तो खुर्चीत आक्रसतो.

टीव्हीचा काळा जास्त काळा लावला असेल तर मंद उजेडाच्या सगळ्या पायऱ्या गिळल्या जातात आणि मुखवटा एकदम टपकतो. सावकाश चढणाऱ्या भीतीची जागा साधं दचकणं घेतं. काळा करडा लावला असेल तर मुखवटा पहिल्यापासूनच दिसतो, आणि प्रेक्षक म्हणतो, 'तो मागे उभा आहे हे तिला कळत कसं नाही?' एक दृश्य, तीन चित्रपट.

दुरुस्ती अवघड नाही. खोलीत अंधार करून रुंद चौकटीचा चित्रपट लावावा आणि अंधाऱ्या दृश्यावर थांबवावा. 'ब्राइटनेस' (काही नव्या संचांत 'ब्लॅक लेव्हल', मागच्या दिव्याचा 'बॅकलाइट' वेगळा, त्याला हात लावायचा नाही) काळ्या पट्ट्या अंधारात मिसळेपर्यंत खाली आणावा. मग काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम ओळखू येतील इतकाच वर न्यावा. तिथे थांबावं. एवढं करूनही चित्र धुरकट किंवा डांबरासारखं दिसत असेल तर दोष केबलच्या दोन टोकांना असतो. प्लेअर चित्राचे आकडे १६ ते २३५ मध्ये पाठवतो आणि टीव्ही ते ० ते २५५ समजून वाचतो, की काळा करडा होतो. उलट झालं की काळ्यातलं सगळं बुडतं. दोन्हीकडे 'लिमिटेड' निवडलं की प्रश्न मिटतो. संगणक जोडणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. 'ऑटो' किंवा 'इको' नावाचं, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारं सेटिंगही बंद हवं, नाहीतर दिवे मालवले की टीव्हीही स्वतःला मालवतो.

स्ट्रीमिंगवर अंधारात चौकोनी ठोकळे किंवा पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात, ते टीव्हीचं पाप नाही. डेटा वाचवताना आधी अंधारातला तपशील टाकला जातो, कारण तो कुणाला दिसत नाही असं गृहीत धरलेलं असतं. गुणवत्ता 'ऑटो'वर न ठेवता सर्वांत वरची निवडावी, शक्य असल्यास वायरने जोडणी करावी. तरीही एगर्स यांचा 'नोस्फेराटू' (२०२४), ज्यातलं चांदणं मुद्दाम जवळपास रंगहीन ठेवलं आहे, तो डिस्कवर आणि स्ट्रीमवर एकसारखा दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

डोळ्यांनाही तयार व्हायला वेळ लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर पहिली दहाएक मिनिटं एक टप्पा, पूर्ण सरावायला अर्धा तास. म्हणून नावं सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी दिवे घालवावेत, नंतर नव्हे. मधे एकदा फोनचा पांढरा पडदा पाहिला की सराव मोडतो. अगदी काळोख सोसत नसेल तर टीव्हीच्या मागे, भिंतीवर पडणारा मंद दिवा ठेवावा. पडद्यावर ज्याचं प्रतिबिंब पडतं तो दिवा चालणार नाही.

आवाजाचं दुखणं असं. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, मग किंकाळीला कान फुटले म्हणून 'नाइट मोड' लावायचा. नाइट मोड हळू आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो, आणि भयपट त्या दोन्हींमधल्या अंतरात राहतो. 'द एक्सॉर्सिस्ट ३'मधला (१९९०) इस्पितळाचा व्हरांडा पाहा. कॅमेरा लांब टोकाला खिळल्यासारखा उभा. नर्स टेबलाशी, पहारेकरी येतात-जातात. कुठेतरी कट-कट आवाज. ती जाऊन पाहते, पेल्यातला बर्फ तडकतोय. तिथे एक खोटं दचकणं होतं आणि प्रेक्षक सुस्कारा सोडतो. पुन्हा तोच व्हरांडा, तेच लांबचं टोक. मिनिटभराहून जास्त वेळ कॅमेरा हलत नाही. ती एका खोलीत जाते, बाहेर येते, दार लावते, आणि तिच्या पाठोपाठ पांढऱ्या कापडात गुरफटलेलं काहीतरी कातर रोखून व्हरांडा ओलांडतं, नेमक्या त्या क्षणी कॅमेरा झेपावतो आणि संगीत किंचाळतं. तो बर्फाचा आवाज आणि नंतरची शांतता पोहोचली नाही, तर उरतं काय? एक कर्कश ठोका. 'स्वस्तातला जंप स्केअर' असा शेरा मारणाऱ्यांनी हे दृश्य नाइट मोड बंद करून, फोन लांब ठेवून पुन्हा पाहावं.

संवादांसाठी उपाय निराळे आहेत. साउंडबार असेल तर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. टीव्हीचेच स्पीकर असतील तर ५.१ (सहा स्पीकरांसाठीच्या आवाजा) ऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडावा. ५.१चं स्टिरिओत रूपांतर करताना खर्जाचा स्वतंत्र ट्रॅक बहुधा टाकूनच दिला जातो, आणि पुष्कळ भयपटांची गुरगुर तिथे भरलेली असते. साधे हेडफोन टीव्हीच्या स्पीकरपेक्षा केव्हाही बरे. जुना चित्रपट असेल आणि डिस्कवर मूळ मोनो दिला असेल तर तोच घ्यावा. नवीन मिश्रणात पावलांचे, दारांचे आवाज बदललेले असू शकतात. 'सस्पीरिया'त (१९७७) संवाद ओठांशी जुळत नाहीत म्हणून गुण कापणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्यात चित्रणाच्या वेळचा आवाज वापरलेलाच नाही. नट आपापल्या भाषांत बोलले, सगळं मागाहून भरलं. त्यामुळे 'मूळ भाषा' शोधत बसू नये.

सबटायटल्स घ्यायची तर कर्णबधिरांसाठीची नको, फक्त संवादांची घ्यावीत. ज्यांना ऐकू येतं त्यांना '(दबक्या पावलांचा आवाज)' हे वाचून पावलांची वाट पाहत बसावं लागतं.

दचकण्यावरून आठवलं. 'घाबरलो' किंवा 'नाही घाबरलो' एवढ्यावर मत संपवू नये. कशाने घाबरवलं ते लिहावं. 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) एक बाई रात्री उद्यानाच्या भिंतीलगत चालली आहे, मागे दुसरीच्या टाचांची टकटक. टकटक थांबते. शांतता. मग श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज, आणि चौकटीत घुसते ती बस. फिस्कारले ते तिचे ब्रेक. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्यावरून या युक्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात. तिथे दचकणं फसवं असतं, पण त्याच्या आधीची टकटक थांबणं हे खरं काम असतं. पाहिलेल्या चित्रपटात बस होती, पण टकटक होती का, हे वाचकाला सांगितलं तर त्याला चित्रपट निवडायला मदत होते. गोष्ट फोडण्याची गरजही पडत नाही.

'कल्ट' हा शब्दही जरा जपून वापरला जावा. गेल्या महिन्यात लागलेला चित्रपट कल्ट नसतो, त्याची जाहिरात कल्ट असते. न्यूयॉर्कच्या एल्गिन चित्रगृहात १९७० च्या डिसेंबरात 'एल तोपो' मध्यरात्री लावला तिथून मध्यरात्रीच्या खेळांची चाल रुळली. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ मध्ये पडला आणि १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्याच वेव्हर्ली चित्रगृहात मध्यरात्री लागायला लागल्यावर त्याचे प्रेक्षक पुन्हा पुन्हा, संवाद पाठ करून येऊ लागले. 'द थिंग' २५ जून १९८२ ला आला, 'ई.टी.'नंतर दोनच आठवड्यांनी, गोजिरवाण्या परग्रहवासीयाच्या मोसमात. समीक्षकांनी धुतला. त्याला मोठा केला तो पुढे घरोघरी फिरलेल्या व्हिडिओ कॅसेटींनी. 'तुंबाड'ला २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित केल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. आधी पडणं आणि मग लोकांनी उचलणं, एवढं तरी घडलेलं असावं.

वर्ष लिहायची सवय मात्र लगेच लागायला हवी. नुसतं 'हॅलोविन' म्हटलं तर १९७८, २००७ आणि २०१८ असे तीन चित्रपट आहेत, तिघांचं नाव अक्षरशः तेच, आणि तिसरा पहिल्याचा पुढचा भाग. 'सस्पीरिया' दोन, 'विकर मॅन' दोन, 'नोस्फेराटू' किमान तीन. गेल्या काही आठवड्यांतली निदान एक जुगलबंदी मला तरी अशा दोन वेगळ्या चित्रपटांवरची वाटली.

आणि जिथे इशारा द्यायला हवा तिथे तो पहिल्या ओळीत द्यावा, शेवटच्या नव्हे. 'कॅनिबल होलोकॉस्ट'मधल्या (१९८०) माणसांच्या हत्या खोट्या आहेत. दिग्दर्शकाला न्यायालयात नट जिवंत असल्याचं दाखवावं लागलं होतं. प्राण्यांच्या मात्र खऱ्या आहेत. हे न सांगता 'जरूर पाहा' लिहिणं योग्य नाही. लखलखत्या, वेगाने उघडझाप होणाऱ्या प्रकाशाचंही तसंच, काहींना त्याने फिट येऊ शकते.

तेव्हा विनंती अशी. प्रत्येक मताच्या डोक्यावर एक ओळ सक्तीची करावी. उदाहरणार्थ: 'पझेशन, १९८१, दिग्दर्शक झुवाव्स्की, इंग्रजी, १२४ मिनिटांची प्रत, डिस्कवर, हेडफोन लावून, रक्तपात आणि गर्भपाताचं दृश्य.' सात-आठ तपशील, पंधरा-वीस शब्द. वाचकपत्रांना आपण शब्दमर्यादा घातली आहे, तिचं कारण समजू शकतो (हे पत्र तिच्यात बसत नाही, याचीही कल्पना आहे). ही ओळ तेवढी त्या मर्यादेत धरू नये, एवढी सोय करता येईल का?

कळावे,
आपला,
पुरवणीचा एक जुना वाचक